स्वस्तातलं लंडन

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहून जात होतं. आज बाहेर पाऊस आहे, चक्क लाइट आहेत आणि घरी कोणी नाही. तेव्हा लंडनची राहिलेली गोष्ट सांगून टाकते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी दहा दिवस लंडनला जाऊन आले. एकटीच, पाठीवर सॅक घेऊन. परत आल्यावर आत्याने विचारलं, "राजवाडा पाहिलास?" मावसभावाने विचारलं, "लॉर्ड्स?" बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "राहिलीस कुठे?"

हा प्रश्न आमच्या घरात जुना आहे. बाबांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, दाभोळकडचे. तरुणपणीच मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी म्हणून लागले. 'लंडनला जाऊन आलेला माणूस' अशी त्यांची गावात ख्याती होती. लहानपणी बाबांनी त्यांना विचारलं होतं, "आजोबा, लंडनला तुम्ही राहायचात कुठे?" त्याचं उत्तर त्यांनी कधीच धड दिलं नाही म्हणे. लंडनची एकच गोष्ट ते सांगायचे, ती शेवटी सांगते.

आधी माझी कहाणी. किंग्ज क्रॉस स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, चौदा जणींच्या खोलीतली वरची बर्थ (हो, बर्थच म्हणायची ती, अगदी रेल्वेसारखी) मला रात्रीला २८ पौंडांना पडली. तेव्हा पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे हिशोब सोपा आणि जीवघेणा. २८ पौंड म्हणजे २८०० रुपये. एवढ्यात दापोलीला समुद्राजवळ खोली मिळते आणि वर सुरमईचं ताट. पहिल्या रात्री खालच्या बर्थवरची बाई जी घोरायला लागली ती पहाटेपर्यंत. मी नाकापासून दोन वितींवर असलेल्या छताकडे बघत स्वतःची मनसोक्त कीव करून घेतली.

झोप येईना तेव्हा मनात आलं, की या शहरात स्वस्तात राहायची धडपड करणारी मी काही पहिली नाही. माझ्याआधी आलेले लोक कुठे झोपले, काय खाल्लं, त्यांना किती पैसे पडले? मग उरलेले नऊ दिवस मी प्रेक्षणीय स्थळांऐवजी हेच बघत फिरले. (आत्या, राजवाडा बाहेरून पाहिला. बसमधून.)

सगळ्यात ओळखीचं उदाहरण गांधीजींचं. १८८८ च्या शरद ऋतूत तरुण मोहनदास लंडनला उतरला आणि व्हिक्टोरिया हॉटेल नावाच्या बड्या हॉटेलात राहायला गेला. बिल आलं तीन पौंड. एक पदार्थ मागवायचा, तो आवडला नाही की दुसरा मागवायचा, आणि पैसे दोन्हीचे द्यायचे. एवढं करून पोट रिकामंच! आत्मचरित्रात हे वाचताना मला फार हायसं वाटलं. पहिल्या दिवशी फसणं ही जुनी परंपरा आहे म्हणायची.

पण पुढची दोन-अडीच वर्षं त्यांनी जे केलं ते बजेटवर फिरणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. पै-पैचा हिशोब लिहून ठेवायला सुरुवात केली. कुटुंबाबरोबर राहण्याचा खर्च सोडून स्वतंत्र खोल्या घेतल्या. कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायचं ठरवलं, त्यामुळे गाडीभाडं वाचलं आणि रोज आठ-दहा मैल चालणं झालं. मग दोन खोल्यांची एक खोली केली आणि स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी, दुपारी बाहेर जेवण, रात्री घरीच पाव आणि कोको. दिवसाचा खाण्याचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला. (तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड.) मीही हॉस्टेलच्या किचनमध्ये ओटच खाल्ले. तेवढंच गांधीजींशी साम्य.

पण गांधीजींकडे निदान पंधरा पेन्स होते. त्या काळच्या लंडनमध्ये रात्र काढण्याची एक उतरंडच होती, आणि ती पेन्सात मोजली जायची. साल्व्हेशन आर्मीच्या आसऱ्यात एका पेनीत बाकावर नुसतं बसून राहता यायचं. चार पेन्स असतील तर शवपेटीसारख्या लाकडी खोक्यात आडवं होता यायचं. आणि दोन पेन्सांचा प्रकार तर जॉर्ज ऑर्वेलने आपल्या १९३३ च्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' मध्ये नोंदवलाय. लोक ओळीने बाकावर बसत, समोर एक दोर ताणलेला असे, त्यावर अंग टाकून झोपायचं. पहाटे पाचला एक माणूस येऊन तो दोर कापायचा.

हे वाचल्यावर माझ्या २८ पौंडांच्या बर्थकडे मी जरा आदराने बघायला लागले.

या उतरंडीत एक पायरी कोणीतरी मुद्दाम बांधली, तीही सांगायला हवी. डिझरायली पंतप्रधान असताना त्यांचा खासगी सचिव असलेला माँटेग्यू कॉरी, पुढे लॉर्ड रोटन, याने स्वतःचे ३०,००० पौंड घालून १८९२ साली व्हॉक्सहॉलला कामकरी पुरुषांसाठी एक भलंमोठं वसतिगृह काढलं. सहा पेन्सात एका माणसाला स्वतंत्र पलंग, स्वच्छ चादर, अंघोळीची सोय, ऊब असलेली वाचायची खोली. गंमत म्हणजे हा दानधर्म नव्हता. गरिबाला नीट जागा देऊनही धंदा तोट्यात जात नाही हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्याने ते दाखवलं. १९०५ पर्यंत अशी सहा 'रोटन हाउस' उभी राहिली. ऑर्वेलच्या वेळेपर्यंत भाव शिलिंगावर गेला होता, तरी स्वस्त निवासांमध्ये हीच सगळ्यात चांगली असं त्याचं मत होतं. फक्त नियम कडक. स्वतः रांधायचं नाही, पत्ते खेळायचे नाहीत. आमच्या हॉस्टेलच्या भिंतीवरही नियमांचा कागद होता आणि तो वाचून मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या!

यातलं शेवटचं, कॅमडनचं आर्लिंग्टन हाउस, अजून उभं आहे आणि २०१० मध्ये त्याचं नूतनीकरणही झालं. व्हाइटचॅपलच्या रोटन हाउसचं मात्र वेगळं झालं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे चांगले महागडे फ्लॅट झाले. मी त्या इमारतीसमोर उभी राहून हॉस्टेलमधून बांधून आणलेलं सँडविच खाल्लं. वर बघितलं तर बाल्कनीत कोणीतरी झाडांना पाणी घालत होतं.

व्हाइटचॅपलचं हेच रोटन हाउस १९०२ साली, नुकतंच सुरू झालेलं असताना, जॅक लंडन या अमेरिकन लेखकाने पाहिलं होतं. (आडनाव लंडनच, योगायोग.) ईस्ट एंडमधल्या गरिबांचं जगणं बघायला तो जुने कपडे विकत घेऊन त्यांच्यात मिसळला आणि पुढच्या वर्षी त्याचं 'द पीपल ऑफ द अबिस' हे पुस्तक आलं. त्या पुस्तकातली एक बारीकशी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. निघण्याआधी त्याने आपल्या बंडीच्या काखेत सोन्याचं एक नाणं, एक सॉव्हरिन, शिवून ठेवलं होतं. अगदीच वेळ आली तर असू दे म्हणून. शिवाय जवळच एक खोली भाड्याने घेऊन ठेवली होती, मध्ये मध्ये जाऊन अंघोळ करायला आणि लिहायला.

हे वाचून आधी मी हसले आणि मग गप्प झाले. माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात, पासपोर्टच्या मागे, एक क्रेडिट कार्ड होतं. दहा दिवसांत मी ते एकदाही वापरलं नाही आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटत होता! पण ते होतं. परतीचं तिकीट होतं. बजेटवर फिरणं आणि गरीब असणं यात फरक आहे तो एवढाच, काखेत शिवलेल्या नाण्याचा. दोघं तोच पाव खातात, तेवढंच चालतात. पण एकाला चालताना मजा वाटते, कारण त्याला बसमध्ये बसता येत असतं.

आता ज्यांच्या काखेत नाणं नव्हतं त्यांच्याबद्दल.

कॅमडनच्या आर्लिंग्टन हाउसपासून चालत अर्ध्या तासाच्या आत १०, किंग हेन्रीज रोड हे घर येतं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत. त्यांची शिष्यवृत्ती १९१७ मध्येच संपली होती आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं होतं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडचं कर्ज, अशी जुळवाजुळव करून ते १९२० मध्ये पुन्हा आले. नाणं होतं म्हणावं तर ते उसनं, आणि घरी रमाबाई आणि मुलं तशाच ओढगस्तीत.

चरित्रकारांनी त्यांचा दिनक्रम लिहून ठेवलाय. घरमालकीण सकाळी देई ते जेमतेम. ते घेऊन ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जायचं, ते दार उघडताना पहिले आत आणि बंद होताना शेवटचे बाहेर. रात्री भुकेने जीव कासावीस व्हायचा तेव्हा कोणा परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दूध प्यायचं. त्यानंतर पुन्हा अभ्यास. या पापडांवर एम.एस्सी. झाली, बॅरिस्टरी झाली आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहून १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली.

मी त्या घरापासून ब्रिटिश म्युझियमपर्यंत चालून पाहिलं. एक तास लागला, मध्ये एकदा रस्ता चुकले ते धरून. मला ते फिरणं म्हणून छान वाटलं. ऑक्टोबरमध्ये झाडं पिवळी-लाल झालेली असतात. पण हेच अंतर अर्ध्या पोटी, जानेवारीत, डोक्यावर कर्ज घेऊन...

ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला. जिथे एक माणूस पापडावर राहिला त्या घराची ही किंमत. त्यावर बरंच बोलता येईल, पण मला तिथे वेगळीच गोष्ट जाणवली. बाबासाहेबांना या शहराने राहायला स्वस्त दिलं नाही, खायला पोटभर दिलं नाही. पण एक गोष्ट फुकट दिली. वाचायला टेबल, खुर्ची, दिवा, ऊब आणि मागाल ते पुस्तक. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हापासून तिथे प्रवेशाला पैसे नव्हते. ते गोल वाचनालय १८५७ चं. ती खुर्ची फुकट नसती तर तो प्रबंध कुठे बसून लिहिला गेला असता?

दुसऱ्या दिवशी बसने हॅकनीला गेले. लंडनमध्ये ट्यूबपेक्षा बस कितीतरी स्वस्त, आणि एका तासात बस बदलली तर पुन्हा भाडं पडत नाही. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. तिथे किंग एडवर्ड्स रोडवर एका घराला २०२२ मध्ये निळी पाटी लागली आहे. हे होतं आयांचं वसतिगृह. हिंदुस्थानातून परत येणारी इंग्रज कुटुंबं बोटीवर मुलं सांभाळायला आया घेऊन यायची. इथे पोचल्यावर काहींना परतीचं भाडंही न देता सोडून दिलं जाई. अशा बायकांना हे घर आसरा द्यायचं आणि हिंदुस्थानात जाणारं दुसरं एखादं कुटुंब शोधून, त्यांच्या मुलांना सांभाळत घरी परतायची सोय लावायचं. रोटन हाउसं सगळी पुरुषांची, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चौदा बायकांच्या खोलीत मी किल्ली लावून निर्धास्त झोपत होते, ती सोयही कधीतरी कोणीतरी केली तेव्हा झाली.

तिथून लाइमहाउस. इथे वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ मध्ये परदेशी खलाशांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' उघडलं. त्याआधी पूर्वेकडून आलेले कितीतरी खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत थंडीत रस्त्यावर पडलेले असत. या घरात त्यांना राहायला मिळे आणि परतीच्या बोटीवर काम शोधून दिलं जाई. महाराजा दुलीपसिंगांनी त्यासाठी ५०० पौंड दिले होते. १९३७ मध्ये ते बंद झालं. आता इमारत नाही. मी फूटपाथवर थोडा वेळ उभी राहिले. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी पुष्कळ असायचे, त्यामुळे पणजोबा इथे राहिले असतील असं मी मनात ठरवूनच आले होते.

पण खरं सांगायचं तर बहुतेक नसावेत. त्यांचे दिवस १९३० नंतरचे. तेव्हा मुंबईच्या मोठ्या बोटी लंडनपासून पंचवीसेक मैल खाली, टिलबरीला लागत आणि खलाशी बोटीवरच झोपत. म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर 'कुठेच नाही' असं असावं. लंडनला जाऊन आलेला आमच्या घरातला पहिला माणूस लंडनमध्ये एकही रात्र राहिला नसावा. म्हणूनच ते उत्तर टाळत असतील का? मुंबईत तरी गावकीची खोली असायची, गोव्याच्या खलाशांना धोबीतलावाला त्यांचे 'कूड' असायचे, जिथे पेटी ठेवून अंग टाकता येई. इथे तेही नव्हतं.

आता त्यांची ती एक गोष्ट. ते सांगायचे, लंडनला एका देवळासारख्या मोठ्या घरात छताला अख्खा देवमासा टांगलाय, नुसती हाडं, आणि ते बघायला कोणी पैसे मागत नाही. आत ऊबही असते. आम्ही सगळे याला बोटीवरच्या थापा समजायचो.

शेवटच्या दिवशी मी नॅचरल हिस्टरी म्युझियमला गेले. दारातून आत शिरलं की समोरच्या प्रचंड हॉलमध्ये छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा, २५.२ मीटर लांब. १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला हा मासा. या हॉलमध्ये तो २०१७ मध्ये आला, पण त्याआधी, १९३० च्या दशकापासून, तो याच म्युझियममध्ये दुसऱ्या दालनात होता. म्हणजे थाप नव्हती. इमारतही खरंच देवळासारखी आहे.

आणि पैसे? पणजोबांच्या वेळी नव्हते. १९८७ मध्ये इथे तिकीट सुरू झालं आणि २००१ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा बंद झालं. ब्रिटिश म्युझियममध्येसुद्धा १९७४ मध्ये तीनेक महिने तिकीट लावलं होतं, सरकार बदललं आणि ते गेलं. म्हणजे फुकट असणं हे आपोआप झालेलं नाही. दर पिढीत कोणीतरी ते काढून घ्यायला बघतं आणि कोणीतरी परत मिळवतं. मी दहा दिवस 'कमी पैशांत कशी फिरले' म्हणून मिरवत होते, ती खरी अशा माणसांच्या जिवावर फिरले. माझी बर्थसुद्धा. रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्ये शाळेच्या मुलांची पायी सहल नेताना वादळाने गाठलं आणि एका शाळेत रात्र काढावी लागली, त्यातून यूथ हॉस्टेलची कल्पना निघाली. ब्रिटनमध्ये १९३० पासून अशी हॉस्टेलं सुरू झाली, शिलिंगाला एक रात्र.

देवमाशाखालच्या बाकावर मी बराच वेळ बसले. बाहेर पाऊस होता, आत ऊब होती, आणि माझ्यासारखेच सॅकवाले, शाळेची पोरं, एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसलेले. ते कदाचित फक्त उबेसाठी आले असतील. कोणी कोणाला विचारत नव्हतं. तिथूनच बाबांना फोन लावला आणि सांगितलं, "बाबा, मासा आहे. अजून पैसे घेत नाहीत." बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जेवलीस का?"

(जेवले. फिट्झरॉय स्क्वेअरच्या इंडियन वायएमसीएमध्ये डाळभात. ही संस्था १९२० पासून हिंदी विद्यार्थ्यांसाठी लंडनमध्ये आहे. दहा दिवसांच्या ओटनंतर तो डाळभात काय लागला म्हणून सांगू!)

असो, फार लांबलं. घरच्यांना एक विनंती. पणजोबांची पत्र्याची पेटी दाभोळच्या घरात माळ्यावर होती, तिच्यात त्यांचं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक असावं. काका, पुढच्या वेळी गावी गेलात तर बघाल का? कुठली बोट आणि कुठल्या साली, एवढं कळलं तरी पुरे. राहिले कुठे ते आता मी विचारणार नाही.